क्रेडिटची बँक आणि रिकामं पासबुक

"ऑनलाइन डिग्री? म्हणजे शॉर्टकटच की!" असं म्हणणारे लोक मला नेहमी भेटतात. त्यात 'क्रेडिट ट्रान्सफर' हा शब्द आला की त्यांच्या कपाळावरच्या आठ्या आणखी वाढतात. एकीकडे पास झालेले पेपर दुसरीकडे नेऊन जोडायचे, म्हणजे नक्कीच काहीतरी गोलमाल असणार! गंमत अशी की हे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचं कॉलेज घरापासून सायकलच्या अंतरावर होतं. आईने डबा भरून दिला, तीन-चार वर्षं सुरळीत गेली, डिग्री मिळाली. शिक्षण असं सलग होणं हेसुद्धा एक नशीब असतं, याचा त्यांना पत्ताच नसतो.

माझं म्हणणं अगदी उलट आहे. एखादा विषय मुलाने शिकला, त्याची रीतसर परीक्षा झाली, तो पास झाला, की ते शिक्षण त्याच्या मालकीचं झालं. कॉलेज बदललं म्हणून तेच त्याला पुन्हा शिकायला लावणं आणि त्याची पुन्हा फी घेणं, याला मी सरळ लूट म्हणतो. आणि कॉम्प्युटर सायन्ससारख्या विषयात तर या लुटीला कसलीच सबब नाही.

मी राहतो अहेरीला. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात, प्राणहितेच्या काठी. माझं इथे छोटंसं कॉम्प्युटर केंद्र आहे. फॉर्म भरणं, प्रिंट काढणं आणि मधल्या वेळात पोरांना थोडंफार प्रोग्रॅमिंग शिकवणं. कोणी गोंडी बोलतो, कोणी माडिया, कोणी घरी तेलुगू. शिकण्याची हौस सगळ्यांना सारखीच. पण कॉम्प्युटरची डिग्री म्हटलं की इथल्या मुलांच्या डोळ्यासमोर चंद्रपूर किंवा नागपूर येतं. नागपूर इथून अडीचशे किलोमीटरहून जास्त. त्यात आलापल्लीपासून पुढचा रस्ता पावसाळ्यात कसा असतो, हे ज्याने एसटीत बसून अनुभवलंय त्यालाच ठाऊक. खोलीचं भाडं, मेस, येणं-जाणं हे सगळं धरलं की फी हा त्यातला लहान आकडा ठरतो.

म्हणून इथली मुलं शिक्षण अर्ध्यात सोडतात. आळशी आहेत म्हणून नव्हे. कोणाचे वडील आजारी पडतात, कोणाची धानाची शेती एका पावसात जाते, कोणाच्या बहिणीचं लग्न निघतं, कोणाची शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही. आणि एकदा सोडलं की परत जाणं जवळजवळ अशक्य होतं.

एका मुलीचं सांगतो. एका शहरातल्या कॉलेजात तिने बीएस्सीची दोन वर्षं केली, कॉम्प्युटर सायन्स विषय घेऊन. सगळे पेपर सुटलेले. घरच्या अडचणीमुळे परत आली. तीन वर्षांनी परिस्थिती जरा सुधारली तेव्हा घराला त्यातल्या त्यात जवळ असलेल्या दुसऱ्या कॉलेजात चौकशीला गेली. उत्तर काय मिळालं? "सिलॅबस मॅच होत नाही, पहिल्या वर्षाला अ‍ॅडमिशन घ्या." ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "सर, पुन्हा पहिल्यापासून करा लागते म्हन्ते."

आम्ही दोन्ही सिलॅबस छापून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. सी प्रोग्रॅमिंग इकडेही, तिकडेही. डेटा स्ट्रक्चर इकडेही, तिकडेही. डेटाबेस एकीकडे तिसऱ्या सेमिस्टरला तर दुसरीकडे चौथ्या. एवढाच काय तो फरक! आता मला सांगा, कॉलेज बदललं की लिंक्ड लिस्ट बदलते का? बायनरी सर्च नागपुरात वेगळा आणि चंद्रपुरात वेगळा असतो का? इतिहासात निदान कुठल्या राजावर किती पानं द्यायची यावर वाद होऊ शकतो. स्टॅकमध्ये शेवटी टाकलेली वस्तू पहिली बाहेर येते, ही गोष्ट जगातल्या सगळ्या विद्यापीठांत एकच आहे.

तिचं एबीसी खातं उघडून बघितलं तर त्यात शून्य क्रेडिट. दोन वर्षांचा अभ्यास कुठेच जमा नाही. आज ती एका दुकानात बिलिंगला बसते.

हे एबीसी काय प्रकरण आहे ते थोडक्यात सांगतो. अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. 2021 च्या जुलैमध्ये यूजीसीने याचे नियम काढले. कल्पना खरोखर सुंदर आहे. प्रत्येक विद्यार्थ्याचं एक खातं. थिअरीचे साधारण 15 तास म्हणजे एक क्रेडिट. जिथे जिथे पास व्हाल तिथले क्रेडिट खात्यात जमा, आणि पुरेसे झाले की डिग्रीसाठी वापरायचे. नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा, तीन वर्षांनंतर डिग्री, चार वर्षांनंतर ऑनर्स, आणि मध्ये सोडून परत येण्याची मुभा. कागदावर वाचलं तर वाटावं, हे धोरण अहेरीतच बसून लिहिलंय की काय!

त्याच्याही आधी, 2016 मध्ये, यूजीसीने 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन मंचासाठी नियम केले. एका सेमिस्टरमधले 20 टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून करता येतील असं त्यात होतं. 2021 मध्ये ती मर्यादा 40 टक्क्यांवर नेली. म्हणजे मुलाने घरी बसून एनपीटीईएलचा बारा आठवड्यांचा कोर्स केला, ठरलेल्या केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून परीक्षा दिली, तर त्याचे तीन क्रेडिट त्याच्या डिग्रीत धरता येतात. शिकवणारे कोण? आयआयटीचे प्राध्यापक. 'प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर्स अँड अल्गोरिदम्स युजिंग पायथन' हा कोर्स तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद शिकवतात. अहेरीच्या पोराला असा मास्तर दुसऱ्या कुठल्या मार्गाने मिळणार होता? व्हिडिओ डाउनलोड करून ठेवता येतात, त्यामुळे नेट गेलं तरी अभ्यास चालू राहतो. (लाइट गेली तर मात्र देवही काही करू शकत नाही. :-))

मग घोडं कुठे पेंड खातं? ते खातं यादीत. स्वयमचे कोणते कोर्स आपल्या डिग्रीत धरायचे हे विद्यापीठाची विद्या परिषद ठरवते. यादी झाली नाही, किंवा होऊन फाइलमध्ये राहिली, किंवा कॉलेजच्या क्लार्कपर्यंत पोचलीच नाही, की मुलाच्या हातातल्या सर्टिफिकेटला भिंतीवर लावण्याच्या फ्रेमची किंमत. नियम म्हणतो देता येईल. खिडकी म्हणते, "असं आपल्याकडे चालत नाही." आणि हे कोणी लेखी देत नाही. लेखी नकारच नाही तर दाद कुठे मागणार?

खातं उघडायला मात्र सगळे तत्पर. परीक्षेचा फॉर्म भरायचा तर एबीसी आयडी आणा! माझ्या केंद्रावर या कामासाठी रांगा लागलेल्या मी पाहिल्यात. आधारवरचं नाव एक, मार्कशीटवरचं दुसरं, आधारला जोडलेला मोबाइल काकाचा, आणि काका गेलेला कामाला तेलंगणात. हे सगळं पार करून बारा आकडी नंबर मिळवायचा. पण त्या खात्यात मागचे क्रेडिट कोण भरणार, आणि भरलेले दुसरीकडे कोण मान्य करणार, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. बँक उघडली, पासबुक वाटलं, पण पैसे भरायची खिडकी बंद आणि काढायचीही बंद.

आता तुम्ही म्हणाल, अहो, दर्जाचं काय? बोगस डिग्र्यांचा सुळसुळाट झालाय. बरोबर आहे, आणि हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने चार अभिमत विद्यापीठांनी पत्रव्यवहाराने दिलेल्या इंजिनियरिंगच्या डिग्र्यांवर निकाल दिला. 2005 नंतर प्रवेश घेतलेल्यांच्या डिग्र्या रद्द झाल्या, आणि 2001 ते 2005 मधल्यांना पुन्हा परीक्षेला बसावं लागलं. मान्यता न घेता दुकानं थाटणाऱ्या संस्थांनी माती खाल्ली आणि भोगलं पोरांनी. आजही इंजिनियरिंगची डिग्री ऑनलाइन द्यायला यूजीसीची परवानगी नाही. म्हणून कोणी एजंट 'घरबसल्या बीटेक' म्हणून आला तर त्याला चहासुद्धा पाजू नका. बीसीए, बीएस्सी असे मार्ग मात्र ज्या संस्थांना परवानगी आहे तिथे खुले आहेत, आणि अशा मान्यताप्राप्त ऑनलाइन डिग्र्या नेहमीच्या डिग्रीच्या बरोबरीच्या धराव्यात, असं यूजीसीने 2022 मध्ये स्पष्ट केलेलं आहे.

पण त्या निकालावरून शिकायचं काय? बोगसपणा ओळखायचा तर परीक्षा कोणी घेतली आणि कशी घेतली ते बघा. मुलगा कुठे बसून शिकला यावरून काहीच ठरत नाही. आयआयटी मद्रासने 2020 मध्ये डेटा सायन्सची ऑनलाइन डिग्री जाहीर केली. जेईई लागत नाही, शिकणं घरबसल्या, पण परीक्षा केंद्रावर जाऊन. मध्ये थांबलं तर फाउंडेशनचं सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा हातात राहतो. त्याला कोणी शॉर्टकट म्हणून दाखवावं! त्या परीक्षांनी घाम फुटलेली पोरं मी पाहिली आहेत. उलट वर्गात बसून, हजेरी लावून, शेवटच्या आठवड्यात गाइड वाचून पास झालेल्यांची डिग्री मात्र सोवळ्यातली. हा न्याय माझ्या डोक्यात काही शिरत नाही.

अमेरिकेत हा प्रश्न फार पूर्वी आला. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांनी लष्करात जे शिकलं, त्याचे कॉलेजमध्ये किती क्रेडिट धरायचे हे ठरवण्याची पद्धत तिथे बसवली गेली. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तर नोकरी करणाऱ्या प्रौढांनी इकडेतिकडे मिळवलेले क्रेडिट एकत्र करून डिग्री देणारी कॉलेजं निघाली. 1997 मध्ये स्थापन झालेली वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी ऑनलाइन शिकवते, बाहेरचे क्रेडिट मोठ्या प्रमाणावर मान्य करते, आणि तिच्याकडून कॉम्प्युटर सायन्सची डिग्री घेतात ती बरीचशी नोकरी-संसार सांभाळणारी माणसं. तिथेही 'हे फारच झटपट झालं' अशी टीका होते. पण आधी शिकलेलं पुसून टाकून पाटी कोरी करा, असं त्यांना कोणी सांगत नाही.

आपल्या बँकेत आणखी एक मेख आहे. खात्यातले क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. कारण काय, तर ज्ञान शिळं होतं. वा! मग सात वर्षांपूर्वी घेतलेली डिग्री का शिळी होत नाही? ज्याने 2005 मध्ये बीएस्सी केलं त्याची डिग्री आजही ताजी, आणि जिने दोन वर्षं शिकून लग्नामुळे सोडलं, दोन मुलं वाढवली, आणि आठव्या वर्षी परत आली, तिचे पेपर मात्र नासले. हा नियम कोणाला लागतो? सलग शिकायला मिळालेल्याला तर तो कधीच लागत नाही. लागतो तो फक्त ज्याचं शिक्षण तुटलं त्याला. तुटलेलं जोडता यावं म्हणून काढलेल्या बँकेनेच तुटलेल्यांना दंड करावा, याहून मोठा विनोद कोणता?

मागणी काही चंद्र-सूर्य आणून देण्याची नाही. प्रत्येक सेमिस्टर सुरू होण्याआधी कॉलेजने नोटीस बोर्डावर मराठीत यादी लावावी: बाहेरचे हे हे कोर्स आम्ही धरतो, इतके क्रेडिट देतो. एखाद्याचे क्रेडिट नाकारायचे तर कारण लिहून, सही करून द्यावं. विद्यार्थ्याने सोडलेल्या कॉलेजने त्याचे जुने क्रेडिट ठरावीक मुदतीत खात्यात भरावेत. सात वर्षं झाली असतील तर हवी तर त्या विषयाची एक परीक्षा घ्या, पण पुन्हा वर्षभर बसवू नका. आणि ऑनलाइन कोर्सच्या परीक्षेचं एक केंद्र अहेरी किंवा आलापल्लीला द्या. तीन तासांच्या पेपरसाठी अहेरीच्या पोराने नागपुरात रात्र काढायची असेल, तर तो कोर्स 'फुकट' कसा?

2011 मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळं काढून चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ केलं, ते शिक्षण मुलांच्या जवळ यावं म्हणूनच. विद्यापीठ जवळ आलं, हे चांगलंच झालं. आता नियमही जवळ येऊ द्या.

हे वाचणाऱ्यांत कोणी प्राध्यापक असतील, कोणाची विद्या परिषदेवर ओळख असेल. माझी एवढीच विनंती आहे. पुढच्या बैठकीत विचारा, की स्वयमच्या कोर्सची यादी झाली का, आणि झाली असेल तर ती कॉलेजच्या खिडकीपर्यंत पोचली का. आणि जे विद्यार्थी आहेत त्यांनी आपलं एबीसी खातं आज उघडून बघावं. मागचे क्रेडिट त्यात दिसत नसतील तर कॉलेजला अर्ज द्या, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका.