नाटकांतील पदें आणि माणसांची विक्री

गेल्या महिन्यांत सोलापूरच्या आमच्या जुन्या वाड्याच्या माळवदाची डागडुजी काढली, तेव्हां अडगळीच्या खोलींतील पेट्या अंगणांत आणाव्या लागल्या. एका पेटींत 'संगीत शारदा' नाटकाच्या पदांचें जीर्ण पुस्तक निघालें. तें आमच्या आत्याआजींचें. घरांतील मुलांनीं तें चाळून विचारलें कीं, नाटकांतील गाण्यांनीं खरोखर कोणाचें कांहीं भलें होतें काय? प्रश्न साधा, परंतु उत्तर देतांना आम्ही अडखळलों, म्हणून या महिन्याचें सदर त्यासच दिलें आहे.

इंग्लंडांत हा प्रश्न दोनशें वर्षांपूर्वींच उभा राहिला होता. तेथील संगीत नाटकांतून गुलामांच्या दुःखाचीं पदें गाण्याची एक रीतच पडली होती. १७८७ सालीं लंडनच्या हेमार्केट नाटकगृहांत धाकट्या जॉर्ज कोलमनचें 'इंकल आणि यारिको' हें नाटक आलें. संगीत सॅम्युएल आर्नल्डचें. इंकल हा व्यापारी. रानांत ज्या मुलीनें त्याचा जीव वाचविला, तिलाच तो बार्बाडोस बेटांत विकावयास निघतो. जुन्या मूळ कथेंत तो तिला विकतोच, व ती गरोदर असल्याचें सांगतांच किंमत वाढवून मागतो. कोलमननें मात्र त्यास पश्चात्ताप झाल्याचें दाखवून दोघांचें लग्न लावून दिलें. पुढें १८१६ सालीं, म्हणजे पुण्यांत दुसऱ्या बाजीरावाची कारकीर्द चालूं असतां, कॉव्हेंट गार्डनमध्यें टॉमस मॉर्टनचें 'द स्लेव्ह' झालें. त्यास संगीत हेन्री बिशपनें दिलें. त्यांतील गँबिया हा हबशी गुलाम आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या सुटकेसाठीं, मिळालेलें स्वातंत्र्य पुनः गमावतो. अशा नाटकांचीं पदें छापून विकलीं जात आणि सुखवस्तु घरांतील मुली तीं पियानोवर म्हणत.

मौज अशी कीं, मॉर्टननें आपलें कथानक डच लोकांच्या सुरिनाम वसाहतींत घातलें. जमेका तर इंग्रजांचें स्वतःचें होतें! गुलामांचा व्यापार १८०७ सालीं कायद्यानें बंद झाला होता खरा, पण त्या बेटांवरील मळ्यांत गुलाम राबतच होते. नाटक पाहून आलेलीं माणसें चहांत साखर घालीत ती बहुतेक तेथलीच. १८३३ च्या कायद्यानें मुक्ति आली, तेव्हां नुकसानभरपाईचे दोन कोटि पौंड मालकांना मिळाले, गुलामांना छदामहि नाहीं. कंपनीचा हिंदुस्थानांतील मुलूख तर त्या कायद्यांतून वगळलेलाच होता. आपल्याकडे तो विषय १८४३ च्या पांचव्या कायद्यापर्यंत लांबला. पेशवाईंत कुणबिणींची खरेदीविक्री होत असे हें आपल्या घरांतून फारसें बोललें जात नाहीं, तेंहि येथेंच नमूद करावें.

आतां 'शारदा'. गोविंद बल्लाळ देवलांच्या सात नाटकांत स्वतंत्र असें हें एकच. बाकीचीं सर्व कोणत्या ना कोणत्या परक्या वा जुन्या ग्रंथाच्या आधारें रचलेलीं. किर्लोस्कर नाटकमंडळीनें तें १८९९ सालीं इंदुरास प्रथम केलें. संमतिवयाचा वाद होऊन तेव्हां आठच वर्षें झालीं होतीं. पैसेवाला म्हातारा भुजंगनाथ, पैशास हपापलेला बाप कांचनभट, मधला दलाल भद्रेश्वर दीक्षित, आणि जिचें मोल ठरतें ती शारदा. या व्यवहारास आपल्याकडे कन्याविक्रय असें भारदस्त संस्कृत नांव आहे. यारिकोच्या बाजारापेक्षां तो फारसा निराळा नाहीं. पदांची भाषा घरांतली, चाली बायकांच्या तोंडीं सहज बसणाऱ्या; त्यामुळें तीं नाटकगृहांतून थेट माजघरांत गेलीं.

शेवट मात्र आम्हांस नेहमींच खटकतो. लग्न मोडतें तें मुलीच्या इच्छेस मान देऊन नव्हे, तर वर आणि वधूपिता सगोत्र निघतात म्हणून. गोत्र निराळें असतें तर? कोलमनप्रमाणेंच देवलांनाहि प्रेक्षकांस घरीं सुखानें पाठवावयाचें होतें, असें आम्हांस वाटतें.

१९२९ सालीं हरबिलास सारडा यांचा बालविवाहप्रतिबंधक कायदा झाला व १ एप्रिल १९३० पासून अमलांत आला. मुलीस चौदा व मुलास अठरा वर्षें ही त्याची मर्यादा. आपल्या लोकांनीं त्यास 'शारदा कायदा'च म्हटलें, आणि तो नाटकावरून निघाला अशी पुष्कळांची समजूत असे. कायदा लागूं होण्यापूर्वीं देशभर लग्नांची एकच घाई उडाली. त्या घाईंत, शके १८५१ च्या माघांत, आमच्या आत्याआजींचें लग्न झालें. त्यांचें वय अकरा. नवरदेव चव्वेचाळीस वर्षांचे बिजवर. पणजोबांचें कर्ज त्याच महिन्यांत फिटलें. यास विक्री असें घरांत कोणी कधीं म्हटलें नाहीं. 'व्याह्यांनीं साह्य केलें' असा शब्द होता. आणि हेच पणजोबा 'शारदे'चे मोठे भोक्ते! पदांचें पुस्तक त्यांनींच विकत आणलेलें. शारदेचीं काकुळतीचीं पदें ऐकतांना त्यांच्या डोळ्यांस धार लागे, ही गोष्ट आम्हां मुलांस त्यांच्या रसिकतेची खूण म्हणून कौतुकानें सांगितली जात असे.

आत्याआजींना लग्नाविषयीं विचारलें, तर त्या त्याच वर्षींच्या मे महिन्यांत सोलापुरांत पुकारलेल्या लष्करी कायद्याची हकीकत सांगत. लग्नाचें एक अक्षर नाहीं. अठराव्या वर्षीं विधवा होऊन त्या माहेरीं परत आल्या, येथील सेवासदनांत शिकल्या, आणि पुढें तीस वर्षें त्यांनीं शाळेंत मुलींना शिकविलें. पणजोबांच्या शेवटच्या दुखण्याचा खर्च त्यांच्याच पगारांतून चालला.

मुलांस आम्हीं काय सांगावें? पदांनीं पणजोबांस रडविलें, थांबविलें नाहीं, एवढें खरें. परंतु ज्वारी निवडतांना आत्याआजी तींच पदें गुणगुणत, आणि वाड्यांतील साऱ्या मुलींना तीं पाठ झालीं होतीं. १९५८ च्या सुमारास एका पुतणीसाठीं असेंच एक श्रीमंत, उतारवयाचें स्थळ चालून आलें. ओसरीवर बैठक भरली, देण्याघेण्याचें बोलणें निघालें. तेव्हां माजघराच्या दारांत येऊन आत्याआजींनीं विचारलें, "अण्णा, भुजंगनाथ कोठें उतरले आहेत?" घरांतल्या पोरी खुदकन हंसल्या. आमचे आजोबा उठून आंत गेले, आणि तें स्थळ पुनः कोणीं काढलें नाहीं.

पुस्तक आम्हीं शिवावयास दिलें आहे. पहिल्या पानावर पणजोबांची वळणदार सही आहे. तिच्याखालीं आत्याआजींनीं आपलें नांव लिहिलें आहे, तें माहेरच्या आडनांवानें.