मला पोहता येतं!

रविवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास बारामतीहून भिगवणच्या रस्त्याला एखादा गृहस्थ मोटारसायकलवर दिसला, त्याच्या पाठीला छत्रीपेक्षा लांब आणि भाल्यापेक्षा आखूड असं काहीतरी बांधलेलं असलं, आणि हँडलच्या पिशवीत गांडुळांचा डबा असला, तर तो आमच्यापैकी एक आहे हे खुशाल ओळखावं. ही जमात अलीकडे वाढते आहे. पूर्वी नोकरदार माणूस रविवारी दाढी, रद्दी आणि दुपारची झोप एवढ्यावर समाधानी असे. आता तो उजनीवर जातो, काठावरच्या कुणाची तरी होडी ठरवतो, 'नावाडी नको, मी एकटाच जाईन' असं ऐटीत सांगतो आणि चिलापीच्या शोधात धुक्यात नाहीसा होतो. तो दुपारी परत येतो. बहुधा येतो. माझं भांडण त्या 'बहुधा'शी आहे.

आणि त्या 'बहुधा'च्या मुळाशी एक वाक्य आहे. जॅकेट घाला म्हटलं, की आमच्यातला प्रत्येक जण छाती चार इंच पुढे काढून ते म्हणतो : "मला पोहता येतं!"

आमच्या शाखेतले हेडकॅशियर हे या पंथाचे आद्य पुरुष. एरवी इतका सावध माणूस तालुक्यात सापडायचा नाही. यंत्राने मोजलेल्या नोटा ते हाताने मोजतात, हाताने मोजलेल्या पुन्हा यंत्रात घालतात, आणि दोन्ही आकडे जुळले तर त्यांना जास्तच संशय येतो. बँकेची तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडते. एक यांच्याकडे, दुसरी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे. इतक्या वर्षांत यांनी ती एकट्याने उघडलेली नाही, उघडताच येत नाही. पण रविवारी हाच माणूस उजनीचं पाणी एकट्याने उघडतो, आणि दुसरी किल्ली कुठे आहे म्हणून विचारलं तर सांगतो, मला पोहता येतं.

बँकेत आम्ही कर्ज मागायला आलेल्या माणसाला जामीनदार मागतो. तो जर म्हणाला, "जामीनदार कशाला? मी स्वतःच मला जामीन राहतो की!" तर आम्ही त्याला पाणी पाजून परत पाठवू. जो बुडायचा तोच जामीन, मग वसुली कुणाकडून करायची? 'मला पोहता येतं' हा नेमका तसला जामीन आहे. होडी उलटताना काठ डोक्याला लागला, पायाला पेटका आला, छातीत कळ आली, की कर्जदार आणि जामीनदार एकाच वेळी नादार होतात. जॅकेट हा वेगळा इसम आहे. त्याला पेटका येत नाही, दम लागत नाही आणि घाबरणं त्याच्या स्वभावात नाही.

बरं, हे पोहणं आपण शिकलो कुठे? विहिरीत. फार तर कालव्याला. आमच्या पिढीला थोरल्या काकाने किंवा मामाने पाठीला पांगाऱ्याचं लाकूड नाहीतर पत्र्याचा डबा बांधून विहिरीत ढकललं. विहीर तीस-चाळीस फूट रुंद, अंगावर चड्डी, काठावर सल्ले द्यायला अर्धी आळी. त्या पोहण्याच्या भरवशावर पंचेचाळिसाव्या वर्षी, पँट-शर्ट आणि बूट घालून, पोटाचा घेर सांभाळत, समोरचा काठ गाठायचा! पाण्यावरून काठ नेहमी जवळ दिसतो. कारण मध्ये झाड नाही, घर नाही, नजरेला मोजायला काही नाही. भिगवणजवळच्या एका नावाड्यापुढे मी आमच्या हेडकॅशियरांचा हा दावा मांडला. त्याने विडी विझवली आणि म्हणाला, "सायेब, तुमास्नी पवता येतंय, खरं हाय. पर ह्ये पाण्याला कुणी सांगितलंय का?"

पांगाऱ्यावरून आठवलं. जॅकेट घालणं भित्रेपणाचं, शहरी थेरांचं असं मानणाऱ्यांनी जरा मागे वळून पाहावं. पूर आलेल्या नद्या आपली माणसं भोपळ्याच्या सांगडीवरून उतरत. नदीकाठी जन्म काढलेली, माशासारखी पोहणारी ती माणसं होती, तरी काखेत भोपळा घेतल्याशिवाय पुरात शिरत नसत. जॅकेट म्हणजे तोच भोपळा. रंगाने नारिंगी, आणि पट्टे लावलेला. पूर्वजांना ज्याची लाज वाटली नाही त्याची लाज आम्हांला फोटोत पोट मोठं दिसतं म्हणून वाटते. तुकोबांची गाथा इंद्रायणीतून तरून आली अशी कथा आहे. पण ती तुकोबांची गाथा होती. आपल्याजवळ पासबुक असतं.

जॅकेट नसतंच असंही नाही. पुष्कळ होड्यांत ते असतं. फक्त ते अंगात नसतं, बुडाखाली असतं. फळीवर बसून दुखतं म्हणून त्याची गादी करतात. होडी उलटली की माणूस एका दिशेने जातो आणि गादी दुसऱ्या दिशेने. मग पाण्यात हातपाय मारत ते गाठायचं, डोक्यातून घालायचं, पट्टे ओढायचे. ही कसरत घरी कोरड्या सतरंजीवर एकदा करून पाहावी. मी आमच्या चिरंजीवांकडून करवून घेतली, तर पहिलं बकल लागेपर्यंत सौ.चा चहा उकळून झाला होता.

आता उजनीविषयी. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं, त्याच्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात, आणि सागर हे नाव उगाच नाही. भरलं की जवळजवळ ११७ टीएमसी पाणी. त्यातलं ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणजे आमच्या भाषेत मिनिमम बॅलन्स. पण उन्हाळ्यात हा बॅलन्सही मोडतात आणि वर्तमानपत्रात 'उजनी उणे' असा मथळा येतो. खात्यात शिल्लक नसताना वर पैसे देणारी एवढी एकच संस्था माझ्या पाहण्यात आहे. गंमत बाजूला, या 'उणे'ने फार घोटाळा केला आहे. माणसाला वाटतं, उणे म्हणजे गुडघाभर पाणी. अहो, एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर! उणे झालेल्या उजनीतही असे कित्येक टीएमसी शिल्लक असतात. माणसाला बुडायला त्यातलं किती लागतं याचा हिशेब हेडकॅशियरांनीच करावा. उलट पाणी उतरतं तेव्हा धोका वर येतो. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ बाहेर निघालं की आपण दर्शनाला धावतो, पण जे पुरतं बाहेर आलेलं नसतं, म्हणजे झाडांचे बुंधे, जुन्या भिंती, बांध, ते वीतभर पाण्याखाली होडीची वाट पाहत असतं. शिवाय मासेमारांची जाळी. त्यांच्यात पंखा अडकला की इंजिन बंद, आणि ज्याचं जाळं फाटलं तो बोलायला सुरुवात करतो ते वेगळंच.

आणि वारा. सकाळी उजनी अशी असते की तीत दाढी करावी. दुपारी तापते. चैत्र-वैशाखात चारच्या पुढे ढग जमतात, आणि वळवाचा पाऊस यायच्या आधी त्याचा वारा येतो. तो परवानगी मागत नाही. मोकळ्या पाण्यावर त्याला अडवायला काही नसतं, त्यामुळे लाट लांबवरून ताकद गोळा करत येते. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून आपल्या इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी होडी अशाच वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते. सहा गेले; त्यांत एक जोडपं आणि त्यांची दोन लहान मुलं होती. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागले.

यावर हेडकॅशियर मला म्हणाले, "बघा, वाचला तो पोहता येत होतं म्हणूनच ना?" खरं आहे. त्या माणसाच्या दमाला माझा नमस्कार आहे. पोहू नका असं मी कधी म्हटलं? पण सात खात्यांपैकी एक वसूल झालं आणि सहा बुडाली, तर ती कर्जयोजना चांगली आहे असं हेडकॅशियर कुठल्या ऑडिटरला सांगणार आहेत?

आता दुसऱ्या बाजूचे हितचिंतक. त्यांचं एकच पालुपद : "एकटं जाऊच नये. सोबत न्यावी." यांच्याशीही माझं पटत नाही. मासे धरणं हा धंदाच एकट्याचा आहे. आठवडाभर काउंटरवर ज्याने तीनशे माणसांना 'प्रिंटर बंद आहे' हे तीनशे वेळा सांगितलं, त्याला रविवारी चार तास कुणी काही विचारू नये एवढीच अपेक्षा असते. मासा न मिळाला तरी चालतो. मासा मिळाला तर खरं म्हणजे जरा व्यत्ययच येतो. आणि सोबतीने बुडणं टळतं असं कुठे लिहिलंय? कळाशीच्या होडीत सात जण होते. एप्रिल २०१७ मध्ये डॉक्टरमंडळींची सहलीची होडी याच उजनीत उलटली, चार डॉक्टर गेले. तिथे तर सोबतही होती आणि शिकलेली होती. चार मित्र होडीत असले की एकाच्या गळाला कटला लागतो आणि चौघेही तो पाहायला एकाच बाजूला उभे राहतात. एकटा माणूस निदान एवढी गर्दी करू शकत नाही. तेव्हा एकटं जावं, जरूर जावं. पण एकट्याची सोबत काठावर ठेवून जावं.

इथे मला आमच्यातल्या एका गुप्त संप्रदायाबद्दल बोलणं भाग आहे. घरी 'मासे धरायला जातो' म्हटलं की किराणा, गॅस, मेहुणीकडचं बारसं असं सगळं एकदम निघतं. म्हणून कित्येक जण घरी सांगतात, "इंदापूर शाखेत ताळेबंदाचं काम आहे." थाप चांगली आहे, मला मान्य आहे. पण हा गृहस्थ रात्री आठपर्यंत परतला नाही, की घरचे कुणाला फोन करणार? शाखेच्या मॅनेजरला. तो म्हणणार, आज रविवार, शाखा बंद. मग वहिनींच्या मनात जो संशय येईल तो पाण्याचा नसेल. एक रात्र त्या संशयात जाईल, आणि इकडे माणूस उलट्या होडीला धरून कुगावचे दिवे मोजत असेल.

म्हणून मी एक चिठ्ठी केली आहे, पैसे काढायच्या स्लिपवरून बेतलेली. कुठल्या काठावरून निघालो, होडी कुणाची, त्याचा फोन नंबर, कुठल्या बाजूला जाणार, किती वाजता परत, आणि त्यानंतर किती वेळाने आरडाओरडा सुरू करायचा. ही फ्रीजवर लावायची. शेवटचा रकाना फार महत्त्वाचा. तो नसला की घरचे 'येतील हो' म्हणत बसतात.

बाकीचं थोडक्यात सांगतो. परवान्याची चौकशी आधी करावी. जॅकेट काठावरच घालावं, पट्टे आवळावेत. खांद्याला धरून वर ओढलं तर ते हनुवटीवर येता कामा नये. त्याला शिट्टी बांधावी, कारण माणसाचा आवाज दहा हाकांत बसतो, शिट्टी बसत नाही. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून गळ्यात. होडीतल्या डब्यात ठेवलेला फोन होडीच्या उपयोगाचा. इंजिन असेल तर ते बंद करणारी दोरी मनगटाला बांधावी, नाहीतर तुम्ही पाण्यात पडाल आणि होडी एकटीच कुगावला जाईल. नांगर होडीच्या नाकाकडून टाकावा. मागून टाकला तर लाट सरळ आत येते. उभं राहू नये. कशासाठीही उभं राहू नये! (चहा कमी पिऊन निघावं, म्हणजे प्रश्न येत नाही.) पंचामृत काठावर आल्यावर. तीन वाजता गळ गुंडाळावा, मग मासा कितीही लाडात आलेला असो. आणि होडी उलटलीच तर तिला सोडू नये. उलटी होडी लांबून दिसते, पोहणारं डोकं दिसत नाही.

खर्चाची सबब तर मला सांगूच नका. हेडकॅशियरांच्या एका परदेशी रिळाच्या किमतीत आख्ख्या कॅश विभागाला जॅकेटं येतील. ते रीळ ते मलमलच्या फडक्यात गुंडाळून नेतात.

चिठ्ठीचा नमुना मी सहज म्हणून हेडकॅशियरांच्या मिसेसना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, इंदापूरच्या ताळेबंदाबद्दल एक-दोन किरकोळ प्रश्न विचारले आणि बावन्न प्रती मागून घेतल्या. सोमवारपासून हेडकॅशियर माझ्याशी बोलत नाहीत. माझ्या कॅशमधल्या नोटा मात्र आता ते तीनऐवजी पाच वेळा मोजतात, आणि परवा त्यांच्या टेबलाखाली मला काहीतरी नारिंगी दिसलं. त्यावर ते बसले होते.