एच-इंडेक्स बघितलात, पेपर वाचलात का?

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला गाईड निवडायची वेळ आली की कॅन्टीनमध्ये मोबाईल बाहेर निघतात. गुगल स्कॉलर उघडायचं, सरांचं नाव टाकायचं आणि आकडा मोठ्यानं वाचायचा. 'यांचा एच-इंडेक्स चाळीस!' 'त्या मॅडमचा बाराच?' झालं, निकाल लागला. फलंदाजाची सरासरी बघावी तसं. तुम्ही हे केलं असेल. मीही केलंय.

हा आकडा हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये सुचवला. तुमच्या दहा पेपरांचा प्रत्येकी किमान दहा वेळा इतरांनी उल्लेख केला, तर तुमचा एच-इंडेक्स दहा. हिशोब सोपा, म्हणूनच तो पसरला. पण उल्लेख केला म्हणजे वाचलं असं नाही, आणि पटलं असं तर नाहीच नाही. बायोकेमिस्ट्रीवाल्यांनी आपलं प्रॅक्टिकल आठवावं. लॉरी मेथडनं प्रोटीन मोजताना टेस्ट ट्यूबमध्ये निळा रंग येतो ना, ती पद्धत ऑलिव्हर लॉरी आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये छापली. विज्ञानाच्या इतिहासात सर्वाधिक सायटेशन मिळालेला पेपर तोच, तीन लाखांच्या वर. आइन्स्टाइनचा नाही, डीएनएची रचना सांगणाराही नाही. प्रोटीन मोजायची एक चांगली रेसिपी! जर्नलमध्ये तुम्ही लॉरीचं नाव लिहिलं असेल. मूळ पेपर उघडलाय का?

आता आपल्या कोल्हापूरचंच उदाहरण घ्या. शिवाजी विद्यापीठाच्या बायोकेमिस्ट्री विभागात पूर्वी असलेले प्रा. संजय गोविंदवार यांचं नाव टाकलंत तर सगळ्यात वर बहुधा २०११ चा एक पेपर दिसेल. कापडाच्या ॲझो रंगांचं जिवाणू कसं विघटन करतात, याचा आढावा. त्याची सायटेशन्स हजाराच्या पुष्कळ पुढं गेलीत. हा रिव्ह्यू आहे, म्हणजे तोवर जगभर झालेलं काम एका जागी मांडलेलं. रंगांवर काम करणारा कुणीही पेपर लिहायला बसला की पहिल्या परिच्छेदात तो टाकतो. रिव्ह्यूला सायटेशन्स जास्त मिळतात ती अशी. त्यात वावगं काही नाही, उपयोगाचंच काम आहे ते.

पण मला भावला तो त्यांचंही नाव असलेला २००९ चा झेंडूचा अभ्यास. झेंडूची केसाळ मुळं प्रयोगशाळेत वाढवून ती रिॲक्टिव्ह रेड १९८ हा कापडाचा लाल रंग कसा मोडतात, कोणती एन्झाइम्स कामाला लागतात, हे त्यात तपासलंय. पुढं २०१८ मध्ये झेंडू, गॅलार्डिया, ॲस्टर, चिनी गुलाब अशा बागेतल्या फुलझाडांवर कापड उद्योगाचं सांडपाणी सोडून पाहिल्याचा पेपर आला. दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडू! रिव्ह्यूच्या मानानं या पेपरांची सायटेशन्स फारच कमी.

आणि इकडं इचलकरंजीचा काळा ओढा अजून पंचगंगेला मिळतोच आहे. तेरवाड बंधाऱ्याजवळ मासे मेल्याच्या बातम्या याच पेपरात तुम्ही वाचता. मग एवढ्या सायटेशन्सचा उपयोग काय, असं म्हणायचा मोह होतो. मला ते अन्यायाचं वाटतं. प्रोसेसवाल्यांनी किती पाणी शुद्ध करून सोडायचं, हे लॅब ठरवत नाही. तिथं पैसा लागतो, यंत्रणा लागते, धाक लागतो. सायटेशन एवढंच सांगतं की शास्त्रज्ञांच्या आपसातल्या बोलण्यात तुमचं नाव किती वेळा निघालं. त्या बोलण्यात नदी भाग घेत नाही.

म्हणून गाईड निवडताना आकड्याच्या खाली उतरा. बायोकेमिस्ट्रीत साधारणपणे पहिलं नाव ज्यानं हातानं काम केलं त्याचं आणि शेवटचं गाईडचं. मग सरांच्या पेपरांत पहिल्या जागी कुणाची नावं आहेत? विद्यार्थ्यांची आहेत का? ती मुलं पुढं कुठं गेली? स्वतःच स्वतःची सायटेशन्स किती? हे बघायला अर्धा तास लागतो. पाच वर्षं लॅबमध्ये घालवायची असतील तर अर्धा तास काहीच नाही.

माझं पाप सांगतो. शिकत असताना मीही पैसे भरून एका जर्नलमध्ये पेपर छापला. चार दिवसांत 'स्वीकारला' असा ईमेल आला, सोबत रंगीत सर्टिफिकेट. घरी आईनं ते देवापाशी ठेवलं. त्या पेपरला आजवर दोन सायटेशन्स आहेत, दोन्ही मीच दिलेली. तेव्हा वाटायचं, पेपर नसला तर पीएच.डी.चं दार बंद. यूजीसीनं २०२२ च्या नोव्हेंबरात प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती काढली, तरी अशा जर्नलांचे मेसेज तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतातच की.

तर या आठवड्यात तो झेंडूचा पेपर शोधा. ऑनलाइन पैसे मागत असेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा. पहिल्या वाचनात निम्मा डोक्यावरून जाईल. माझ्याही गेला होता. मी मग आधी नुसत्या आकृत्या बघितल्या, नंतर मेथड वाचली आणि तिथं लॉरीचं नाव शोधत बसलो.