मंत्रचळ आणि मसाल्याच्या बरण्या

परवा भाचीकडे गेले होते. स्वयंपाकघरात मसाल्याच्या सगळ्या बरण्या एका ओळीत, लेबलं समोर करून लावलेल्या. मी कौतुक केलं तर लाडात येऊन म्हणाली, "काय करू मावशी, मला जाम ओसीडी आहे ना!" सगळे हसले. मीही हसले. रिक्षात बसल्यावर मात्र हसल्याची लाज वाटायला लागली.

कारण ओसीडी म्हणजे काय ते मी पाहिलंय. आमच्याच घरात. मोठ्या काकूचं. (तिच्या सुनेला विचारूनच लिहितेय, तेव्हा उगाच फोन करू नका.)

काकूची आंघोळ दोन-अडीच तास चालायची. हात धुवून नळ बंद केला की नळाला हात लागला म्हणून पुन्हा हात धुवायचे, की पुन्हा नळ आलाच. थंडीत बोटांना भेगा पडून रक्त यायचं. आणि आम्ही काय म्हणायचो? "काकूचं सोवळं फार कडक हो!" पाहुण्यांसमोर अभिमानाने सांगायचो. मोरीचं दार लावून ती आत रडायची, हे आम्हा मुलींना माहीत होतं. मोठ्यांना नव्हतं असं मला आजही वाटत नाही.

आता जरा शब्दांकडे बघू. ऑब्सेशन म्हणजे नको असताना परत परत घुसणारा विचार. कम्पल्शन म्हणजे त्या विचाराची धास्ती कमी व्हावी म्हणून करावीच लागणारी कृती. धास्ती थोडा वेळ उतरते आणि पुन्हा चढते. हे चक्र दिवसाचा तासाहून जास्त वेळ खातं किंवा जगणं अडवतं, तेव्हा डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. यात आवड कुठे आली? बरण्या लावून भाचीला बरं वाटतं. काकूला धुवून कधीच बरं वाटलं नाही, फक्त घटकाभर कमी वाईट वाटायचं. आणि सगळ्यांचंच धुण्यावर असतं असंही नाही. कुणी गॅस वीस वेळा तपासतो, तर कुणाच्या मनात आपल्याच बाळाला इजा करण्याचे विचार येतात आणि तो भीतीने बाळाजवळ जात नाही. त्याला म्हणून बघा, "अय्या, मलापण ओसीडी!"

मराठीत याला मंत्रचळ हा जुना शब्द आहे. त्यात 'चळ' आहे म्हणून कुणी तो मिरवत नाही. इंग्रजी आद्याक्षरं मात्र दागिन्यासारखी घालता येतात. सकाळी हसला, संध्याकाळी चिडला की बायपोलर. रविवार कंटाळवाणा गेला की डिप्रेशन.. अहो, त्याच्या निदानाला निदान दोन आठवडे तरी लागतात!

"शब्दच तर आहे, एवढं काय," असं आमच्या दादाचं म्हणणं. दादा, शब्दानेच काकूची तीस वर्षं खाल्ली. तेव्हा आजाराला सोवळं म्हणून झाकलं, आता टापटिपीला आजार म्हणून आजार हलका करतोय. दोन्हीत खरा आजारी माणूस दिसेनासा होतो. ज्याची भीती वाटते त्याला सामोरं जायचं आणि ती कृती करायची नाही, या उपचाराबद्दल व्हिक्टर मेयर यांनी लंडनमध्ये 1966 सालीच लिहिलं होतं. ते आमच्या वाड्यापर्यंत पोचलं नसेल, कबूल. पण आपण कुणी विचारायला तरी गेलो होतो का?

काकूला डॉक्टरकडे नेलं तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "हे सगळं करायला तुम्हाला आवडतं का?" काकू इतकी रडली की सोबत गेलेली सून घाबरली. औषधं आणि उपचार मिळून वर्षभरात आंघोळ चाळीस मिनिटांवर आली. बाहेर आली की ती घड्याळ बघून मोठ्याने वेळ सांगायची.

भाचीला काल फोनवर हे सगळं ऐकवलं. थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग मावशी, माझ्या बरण्यांना काय म्हणू?"

टापटीप म्हण की गं!