बाईक, बॅटरी आणि बिचारा ससा

'काय भो, येतो का सशावर?' थंडी पडली, शेतं मोकळी व्हायला लागली की जळगाव-धुळ्याकडच्या गावांत हा प्रश्न तुम्हीही ऐकला असेल. दोन बाईक, चार-पाच जण, कपाळाला बॅटरी, हातात काठ्या. नाल्याकाठची बोरी-बाभळीची दाट झुडपं हाकायची आणि ससा उजेडात आला की घेरायचा. मग फोटो, स्टेटस, रील. खाली कमेंट, 'वाघ आहेस भावा!'

खरंच? आपल्याकडचा रानससा बिळात राहत नाही. झुडपाखाली, गवतात अंगापुरता खळगा करून दिवसभर दडून बसतो आणि अंधार पडला की चरायला निघतो. दडून राहणं आणि अगदीच गळ्याशी आलं की सुसाट पळणं, एवढीच त्याची हत्यारं. डोळ्यांवर झोत पडला की तो जागीच थबकतो. दोन-तीन किलोच्या जिवामागे पाच जण लागायचे आणि 'सशाचं काळीज' म्हणून हिणवायचं मात्र त्यालाच!

आता कायद्याचं बोलू. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही. पकडणं, फास लावणं, हाकून काढणं, नुसता प्रयत्न करणंसुद्धा शिकारच. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. दंडाची मर्यादा २०२२ च्या दुरुस्तीने २५ हजारांवरून एक लाखावर गेली. यावल किंवा अनेर डॅम अभयारण्याच्या हद्दीत सापडलात, तर कैद किमान तीन वर्षं. बाईकही जप्त होऊ शकते. आणि तुमची रील? तो तर तुम्ही स्वतःच दिलेला पुरावा! पहाटे उठून पोलीस भरतीसाठी धावणाऱ्यांनी चारित्र्य पडताळणी आठवावी.

'पारधी पिढ्यानपिढ्या करत आलेत, त्यांना बोला की!' हे उत्तर ठरलेलं. पण पारध हे त्यांचं पोट होतं, टाइमपास नव्हता. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यात पुढे पारधीही भरडले गेले. तो कायदा १९५२ मध्ये गेला, संशय गेला नाही. रानात फास सापडला की आजही पहिलं बोट त्यांच्याकडेच जातं. मजा आपली आणि बदनामी त्यांची, हे कुठल्या न्यायात बसतं?

ससा कमी झाला तर कोल्हा, खोकड, लांडगा खाणार काय? शेळ्या-कोंबड्यांकडेच वळणार ना? मग ओरडणारेही आपणच.

म्हणून पुढच्या वेळी 'येतो का?' विचारलं तर सरळ नाही म्हणा. तसली रील आली तर लाइक करू नका, फॉरवर्ड तर नकोच. वन विभागाचा १९२६ हा टोल फ्री नंबर मात्र मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. मित्राला वेळीच अडवणं ही गद्दारी नाही, दोस्तीच आहे.