हौद्याचे अस्तर

गेल्या वैशाखात एका रविवारी आमचा पुतण्या पिकअप गाडी घेऊन दाराशी उभा राहिला. गाडी जुनी, पण पूर्वीच्या मालकाने फारशी राबवलेली नव्हती. रंग शाबूत, हौद्याच्या तळावर चार ओरखडे, फाळक्याच्या कडेला एक पोचा, एवढेच काय ते. पुतण्या उधन्याला मागावर कामाला आहे. सूनबाई डिंडोलीच्या घरी खानदेशी मसाला आणि मिरचीपूड करून विकते. आठवड्यातून दोन खेपा मालाच्या, वर्षातून दोनदा नंदुरबारकडून धान्य आणणे आणि गणपतीत मंडळाची मूर्ती नेणे, एवढेच त्या गाडीचे काम. गाडी घेण्यास सूनबाईच्या भिशीचे पैसे लागले होते. त्यांतून उरलेल्या रकमेत हौद्याला अस्तर घालावे, असे दोघांनी ठरवले होते.

"नाना, दुकानदार तीन-चार प्रकार दाखवतो. तुम्ही सांगाल ते घालू," सूनबाई म्हणाली.

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. कारण या विषयाची शिकवणी आम्ही पूर्वीच घेतली आहे, आणि तिची फीही चांगली भरली आहे.

२००५ साली टाटांची लहान मालगाडी निघाली आणि लोकांनी तिचे नाव 'छोटा हत्ती' ठेवले. तेव्हापासून आपल्या लोकांच्या दारी अशा गाड्या दिसू लागल्या. पुढे आमच्या एकत्र कुटुंबानेही एक पिकअप घेतली. आमचे थोरले बंधू तिला जिवापाड जपत. हौद्यावर ओरखडा नको म्हणून त्यांनी पहिल्याच महिन्यात हौद्याच्या मापाचे, साच्यातून काढलेले जाड प्लॅस्टिकचे अस्तर बसवून घेतले. "आता वीस वर्षे पाहायला नको," असे बसवणाऱ्याने सांगितले. आम्ही ते शब्दशः पाळले आणि खरोखरच पाहिले नाही. गाडी महिन्यातून एकदा बाहेर पडे, एरवी निंबाखाली उभी असे.

पाच पावसाळे गेले. बंधूही गेले. गाडी विकावी असे ठरले, तेव्हा घेणाऱ्याने अस्तर उचलून दाखवा म्हटले. उचलले, तो खाली ओल्या मातीचा थर, कुजलेला निंबाचा पाला, आणि त्याखाली पापुद्रे सुटलेला लाल पत्रा. आडव्या पट्टीजवळ तर बोट आरपार गेले. घेणारा काही न बोलता निघून गेला. गाडी शेवटी भंगाराच्या भावाने गेली. अस्तर मात्र नवेकोरे होते! बंधूंच्या हातची ती वस्तू अशी गेली, याचे वाईट आम्हांस अजून वाटते.

यात दोष एकट्या प्लॅस्टिकचा नव्हता, आमच्या समजुतीचाही होता. जी गाडी रोज राबते तिचा हौदा मार खाऊन झिजतो. दगड, लोखंड, पिंपे यांचे घाव तिला सोसावे लागतात. जी गाडी क्वचित निघते तिला घाव थोडे. तिचा वैरी म्हणजे साचलेली ओल. लोखंडाला गंज चढण्यास पाणी आणि हवा दोन्ही लागतात, आणि मिठाचा अंश असला की तो झपाट्याने वाढतो. सुरतेत या तिन्हींची वाण नाही. पाऊस चार महिने, डुमसचा समुद्र फारसा दूर नाही, आणि दमट हवा तर बारमाही. तेव्हा कमी वापराच्या गाडीसाठी अस्तर निवडताना 'हे किती मार सोसेल?' याच्याआधी 'याच्याखाली पाणी गेले तर ते बाहेर कसे पडेल?' हे विचारावे.

या कसोटीवर दुकानातले प्रकार लावून पाहू.

पहिले ते साच्यातले प्लॅस्टिक. पोचे आणि आघात ते उत्तम अडवते आणि बसवायला सोपे असते. परंतु ते पत्र्याला चिकटत नाही. मध्ये फट राहते, तीत रेती शिरते, आणि गाडीच्या हादऱ्याने कडा घासून रंग निघतो. वर माल घसरतो तो वेगळाच. आणखी एक सावधगिरी सांगतो. अशा अस्तरावर कॅन ठेवून त्यात पेट्रोल भरू नये. प्लॅस्टिकमुळे घर्षणाची वीज जमिनीत उतरत नाही आणि ठिणगी पडू शकते. अमेरिकेत अशा आगी लागल्यामुळे १९९८ मध्ये तेथील सरकारी संस्थेने लोकांना सावध केले होते. कॅन खाली जमिनीवर ठेवूनच भरावा.

दुसरे ते फवाऱ्याने मारायचे. पॉलियुरेथेन किंवा पॉलियुरिया यांचा हा जाड लेप पत्र्याशी एकजीव होतो, म्हणून खाली पाणी जायला जागाच उरत नाही. काम नीट झाले तर याच्यासारखे दुसरे नाही. पण सारे या 'नीट' शब्दात आहे. आधी तेलकटपणा काढावा लागतो, सारा पत्रा घासावा लागतो, गंजाचा कण ठेवता येत नाही. वरवर घासून लेप मारला, तर आतला गंज झाकला जातो आणि निवांत वाढत राहतो. हा लेप पुन्हा काढणेही महाकठीण. त्याच्या रसायनांतील आयसोसायनेट श्वासातून जाणे घातक असते, म्हणून घरच्या अंगणात हा उद्योग करू नये. खर्चही सर्वांत अधिक. रोज दगड-लोखंड वाहणाऱ्याने तो जरूर करावा.

तिसरा, वर दुसरा पत्रा ठोकणे. तीन मिलिमीटरचा नक्षीदार लोखंडी पत्रा हौदाभर टाकला, तर पाऊणशे-ऐंशी किलोंहून अधिक वजन गाडी जन्मभर वाहणार, आणि दोन पत्र्यांमध्ये ओल कोंडणार. ॲल्युमिनियमचा पत्रा हलका खरा, परंतु तो लोखंडाला लागून असला आणि खारी ओल मध्ये आली, की दोन धातूंच्या संगतीने झीज सुरू होते. प्लायवूड स्वस्त, पण ते पाणी पिऊन बसते आणि पत्र्याला ओले ठेवते.

राहिली रबराची सुटी मॅट. ती बाजूच्या भिंती राखत नाही, हे खरे. परंतु तळ राखते, माल घसरू देत नाही, आणि मुख्य म्हणजे उचलता येते. आठ मिलिमीटर जाडीची हौदाभर मॅट चाळीस किलोंच्या आसपास भरते. एकट्याला ती उचलवत नाही, आणि जे उचलवत नाही ते कोणी उचलत नाही. म्हणून ती दोन तुकड्यांत कापून घ्यावी.

एवढे सांगून झाल्यावर सूनबाईने जी शंका काढली ती आमच्या ध्यानातही आली नव्हती. "नाना, नव्या रबराला वास येतो. माझा मसाला तो वास ओढून घेईल. एकदा गिऱ्हाईक तुटले की तुटले."

शंका अगदी रास्त होती. विशेषतः जुन्या रबराच्या चुऱ्यापासून केलेल्या मॅटला उग्र वास येतो आणि गोणीला काळे डागही पडतात. तिघांनी मिळून तोड काढली. मॅट आठ-दहा दिवस गच्चीवर वाऱ्याला टाकायची. मसाला झाकणाच्या डब्यांतच न्यायचा, आणि डबे मॅटवर न ठेवता लाकडी पट्ट्यांच्या सुट्या फळीवर ठेवायचे. वरून स्वच्छ ताडपत्री. धान्याच्या गोण्यांनाही तीच फळी.

त्याआधी ओरखड्यांवरचा गंज घासून काढला, रेड ऑक्साइडचा हात दिला आणि तो वाळल्यावर वर रंग लावला. हौद्याच्या तळाची पाणी जाण्याची भोके मातीने बुजली होती, ती तारेने मोकळी केली. गाडी उभी करताना मागची बाजू जरा उताराला ठेवावी, म्हणजे पाणी फाळक्याकडे जाते, हेही पुतण्याला सांगितले.

२००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईचे पाणी सोडले आणि तापीने अर्धेअधिक शहर बुडवले, ते दिवस आठवा. पाणी उतरल्यावर ज्या घरांत सतरंज्या, गाद्या लगोलग उचलून फरशी धुतली, ती घरे लवकर सावरली. ज्यांनी 'वरून सुकले' म्हणून तसेच ठेवले, त्यांच्याकडे कुबट वास महिनोन् महिने हलला नाही. आणि आपल्या भगिनींना तर हे निराळे सांगायलाच नको. पैठणीच्या जरीसाठी सुरत प्रसिद्ध, पण ती पैठणी ट्रंकेत ठेवून विसरली तर जर काळी पडते आणि रेशीम घडीवर चिरते. म्हणून आपल्या आया-सासवा वर्षातून एकदा ती बाहेर काढून वारा देत आणि घडी बदलत. बंधूंनी हौदा ट्रंकेत ठेवल्यासारखा ठेवला. त्यांच्या जपण्यात माया होती, घडी बदलायची तेवढी राहिली.

उरलेल्या पैशांत मॅट, फळी आणि ताडपत्री बसली. थोडे शिल्लकही राहिले, त्याची सूनबाईने मिरची भरली.

परवा, भर श्रावणात, आम्ही डिंडोलीला गेलो होतो. पाऊस नुकताच उघडला होता. फाळका खाली सोडलेला, मॅटचे दोन्ही तुकडे कठड्यावर टाकलेले, आणि नातू फडक्याने हौद्याचा तळ पुसत होता. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दर पंधरा दिवसांनी एक लाल फुली दिसली. ती कसली म्हणून आम्ही विचारले.

"मॅट उचलायची, नाना," सूनबाई म्हणाली. "आणि पाऊस पडला की फुलीची वाट पाहायची नाही."

आम्ही हौद्यात वाकून बोट फिरवून पाहिले. बोट कोरडे निघाले.