शाहिराच्या घरचा हिशेब

२०२३ साली महाराष्ट्र शासनाने ‘जय जय महाराष्ट्र माझा’ या गीताला राज्यगीताचा दर्जा दिला. शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची आणि घराघरांत पोहोचलेला आवाज वाईजवळच्या पसरणी गावच्या कृष्णराव साबळे यांचा. त्या वर्षी शाहिरांची जन्मशताब्दीही आली. त्यांचे नातू केदार शिंदे यांचा ‘महाराष्ट्र शाहीर’ हा चित्रपट निघाला. त्यात भानुमतीबाईंची भूमिका केली ती त्यांच्याच पणतीने. गौरव रास्तच झाला. आम्हांस या निमित्ताने बोलावयाचे आहे ते मात्र भानुमती साबळे यांच्याविषयी, आणि त्यांच्या आडून आपल्या चळवळीविषयी.

भानुमतीबाई शाहिरांच्या पत्नी, तशाच स्वतः गायिका आणि कवयित्री. शाहिरांनी गायिलेली कित्येक गीते त्यांच्या लेखणीतून उतरली. त्यांचे चिरंजीव देवदत्त संगीतकार झाले, कन्या चारुशीला नृत्यात आणि अभिनयात पुढे आल्या. परंपरेचे भारूड, गवळण, पोवाडा एका बाजूस आणि घरात रचलेली नवी गाणी, मुक्तनाट्ये दुसऱ्या बाजूस, असा हा संसार होता. जाहिरातीत मात्र ‘शाहीर साबळे आणि पार्टी’ एवढेच. त्या ‘आणि’च्या पलीकडे किती माणसांचे श्रम उभे होते, हे प्रेक्षकाने विचारले नाही आणि आपणही विचारले नाही.

सातारा आणि सांगली हा १९४९ पर्यंत एकच जिल्हा होता. प्रतिसरकारचा हा मुलूख. सभेआधी डफ वाजल्याशिवाय येथे माणसे जमत नसत. पसरणीच्या साबळ्यांना साने गुरुजींचा सहवास लाभला आणि मंदिरप्रवेशाच्या कामात ते पुढे झाले. वाळवे तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांनी अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभारले. राष्ट्र सेवा दलाचे कलापथक तर आपल्या घरचेच. वसंत बापट, लीलाधर हेगडे, निळू फुले ही नावे वाचकांना सांगावयास नकोत.

पुढे काय झाले? संयुक्त महाराष्ट्राचा मंगल कलश आला आणि चळवळींची कलापथके एकामागून एक ओसरली. अण्णा भाऊ १९६९ साली हलाखीत गेले. साबळ्यांचे घर मात्र गात राहिले, ‘महाराष्ट्राची लोकधारा’ रंगमंचावर आणून पुढच्या पिढ्यांपर्यंत गेले. आपले कार्यकर्ते याचे उत्तर देतात ते असे, की आम्ही ध्येयासाठी गात होतो, त्यांनी व्यवसाय केला. या उत्तरात सत्यापेक्षा अहंकार अधिक आहे. (मानधनाचा विषय निघाला, की आम्हां समाजवाद्यांना ध्येयवाद हटकून आठवतो.)

उत्तर अर्थशास्त्रातले आहे आणि ते कोणाही शेतकऱ्याला कळेल. कुटुंबाच्या शेतात घरच्या माणसांची मजुरी खर्चात धरली जात नाही; म्हणूनच भाव पडला तरी ते शेत पेरले जाते, जेथे मजूर लावून शेती करणारा केव्हाच हात टेकतो. घराण्याच्या कलेचे तेच आहे. मुलांचे शिक्षण चालता-बोलता होते, तालमीला भाडे लागत नाही, आणि लिहिणे, गाणे, रांधणे, पोरे सांभाळणे ही चार माणसांची कामे एक स्त्री करते. तिच्या श्रमांची किंमत कोणत्याच वहीत पडत नाही. कलापथकाजवळ असा बिनमोल श्रमांचा साठा नव्हता आणि पक्षांनी रोख पैसाही दिला नाही. एका व्यवस्थेत बाईने पदरमोड केली, दुसरीत कलावंताने. टिकण्यातला फरक एवढ्यातच आला.

याची राजकीय किंमतही आपण मोजली आहे. साने गुरुजींच्या प्रभावात वाढलेल्या या शाहिरांचे ‘आंधळं दळतंय’ मुंबईतील मराठी माणसाची परवड सांगणारे होते, आणि १९६६ साली स्थापन झालेल्या शिवसेनेला ते पोषक ठरले. शाहिरांना दोष देणे सोपे आहे. ज्या बेकारीचे दुःख त्या मुक्तनाट्यात होते, ते आपल्या ठरावांतही होते. परंतु ठराव कोणी गात नाही. तोपर्यंत आपण गाणाऱ्याला सभा सुरू होईपर्यंत गर्दी धरून ठेवणारा माणूस समजू लागलो होतो. पुढारी आले, की पोवाडा अर्ध्यावर थांबवावयाचा, हा शिरस्ता कोणी पाडला?

आजही या दोन्ही जिल्ह्यांत गाणारी कुटुंबे आहेत, बहुसंख्य भूमिहीन आणि दलित. निवडणुकीत त्यांना सुपारी मिळते, एरवी नारळ आणि शाल. आपल्या जिल्हा शिबिरांच्या अंदाजपत्रकात मंडप, ध्वनिक्षेपक आणि भोजन या कलमांशेजारी कलावंतांच्या मानधनाचे कलम घालावे, पत्रकावर प्रत्येकाचे नाव छापावे, आणि गाणाऱ्या बाईचा वाटा घरच्या प्रमुखाकडे न देता तिच्याच हाती, तिच्याच सहीने द्यावा. रक्कम लहान असली तरी चालेल.